दुसऱ्याच्या घासावर जगणारे : चपट्या कृमींची पचनसंस्था

ग्रामीण भागात पोटातील कोणत्याही कृमीला ‘जंत’ हा एकच शब्द आहे. लहान मुलाच्या शौचात पडणारा गांडुळासारखा लांबट जंत, भोपळ्याच्या बियांसारखे दिसणारे पट्टकृमीचे तुटलेले खंड आणि कत्तलखान्यात म्हशीच्या यकृतातून निघणारा पानासारखा चपटा किडा या तिन्हींची बोळवण याच एका शब्दाने होते. एरवी त्यामुळे काही अडत नाही. अडते ते औषधाच्या वेळी. ‘जंताचे औषध पाजले होते, तरी जनावर खंगतच गेले’ अशी तक्रार पशुवैद्यकीय दवाखान्यात नवी नाही. अशा वेळी औषध बनावट होते असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा औषध खरे असते, परंतु ज्या कृमीसाठी ते दिले त्याच्या शरीरात शिरण्याची वाट त्या औषधाला मिळालेली नसते. ही वाट समजून घ्यावयाची तर तो कृमी काय खातो, कशाने खातो आणि खाल्लेले कसे पचवितो, हे पाहावे लागते.

जंतांचे ढोबळमानाने दोन मोठे वर्ग पडतात, गोल कृमी आणि चपटे कृमी. चपट्या कृमींना शास्त्रीय ग्रंथांत पृथुकृमी असे नाव आहे. त्यांच्या ज्ञात जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती परोपजीवी आहेत. पानाच्या आकाराचे पर्णकृमी आणि फितीसारखे लांब पट्टकृमी हे त्यांतील दोन गट माणसाच्या व पशुधनाच्या दृष्टीने महत्त्वाचे. शाळाशाळांतून १० फेब्रुवारीला जी जंतनाशक गोळी दिली जाते, ती मोहीम २०१५ साली सुरू झाली आणि तिचा रोख मातीतून पसरणाऱ्या गोल कृमींवर आहे. चपट्या कृमींचा प्रश्न निराळा आहे. त्यांचे शरीरही निराळे आहे.

एकच दार

पृथुकृमीच्या शरीरात पोकळी नसते. त्वचा आणि आतडे यांच्यामधली सारी जागा मऊ पेशींनी भरलेली असते. हृदय नाही, रक्त नाही, रक्तवाहिन्या नाहीत, श्वसनाची इंद्रियेही नाहीत. ओढ्यातील दगडाखाली राहणारा प्लॅनेरिया हा या कुळातील स्वतंत्रपणे जगणारा प्राणी. त्याचे तोंड डोक्याकडे नसून पोटाच्या मध्यभागी असते. त्यातून तो सोंडेसारखी ग्रसनी बाहेर काढतो, भक्ष्याच्या अंगात खुपसतो आणि आतील रस ओढून घेतो. आत गेलेले अन्न तीन मुख्य शाखांत आणि त्यांच्या असंख्य फाट्यांत पसरते. रक्ताभिसरणाची सोय नसल्याने अन्न पोचविण्याचे काम आतड्यालाच करावे लागते, म्हणून ते झाडाच्या फांद्यांसारखे अंगभर पसरलेले असते. धरणातील पाणी कालव्यांनी आणि चाऱ्यांनी शेताच्या कोपऱ्यापर्यंत न्यावे, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे कालव्याला शेवटी वाट नाही. गुदद्वार नसल्यामुळे चोथा ज्या तोंडातून अन्न आले त्याच तोंडातून बाहेर टाकला जातो.

हीच मूळ रचना परोपजीवी जातींकडे आली. काहींनी ती जवळजवळ तशीच ठेवली, काहींनी तिला नवे वळण दिले, तर पट्टकृमींनी ती समूळ टाकून दिली. परोपजीवी जीव म्हणजे आळसाने अवयव गमावलेला, उतरणीला लागलेला जीव, असे जुन्या पुस्तकांतून सांगितले जाई. पचनसंस्थेचा बारकाईने अभ्यास झाल्यानंतर हे मत टिकण्याजोगे राहिलेले नाही.

यकृतातील पाहुणा

भारतातील गाई-म्हशींत आढळणारा यकृतकृमी हा मुख्यत्वे फॅसिओला जायगँटिका या जातीचा असतो. त्याची लांबी अडीच सेंटिमीटरपासून साडेसात सेंटिमीटरपर्यंत भरते. त्याचा थंड प्रदेशातील भाऊ फॅसिओला हेपॅटिका हा मेंढ्यांचा जुना शत्रू. इंग्लंडमध्ये १८७९–८० च्या अतिपावसाच्या काळात त्याने सुमारे ३० लाख मेंढ्यांचा बळी घेतल्याची नोंद आहे. या संकटामुळेच त्याच्या जीवनचक्राचा शोध लावण्याची निकड निर्माण झाली. ऑक्सफर्डमध्ये ए. पी. थॉमस आणि लाइपझिगमध्ये रुडॉल्फ लॉयकार्ट या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे १८८३ पर्यंत ते कोडे उलगडले. कृमीचा मार्ग पाणथळीतील गोगलगाईच्या अंगातून जातो, हे तेव्हा सिद्ध झाले.

यकृतकृमीच्या टोकाला एक लहानसा शंकू असतो आणि त्यावर मुखचूषक असतो. हा वाटीसारखा स्नायुमय अवयव पकड घेण्यासाठीही उपयोगी पडतो आणि तोंडाभोवतीच्या ओठांचे कामही करतो. त्याच्या तळाशी मुख, त्यामागे पंपाप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावणारी ग्रसनी, नंतर आखूड ग्रासिका आणि मग आतड्याचे दोन फाटे. हे फाटे शरीराच्या दोन्ही बाजूंनी मागच्या टोकापर्यंत जातात आणि तेथे बंद होतात. त्यांना अंधनाल म्हणतात. फॅसिओलाच्या अंधनालांना दोन्ही बाजूंनी पुन्हा उपशाखा फुटलेल्या असतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील काचपट्टीवर हा कृमी पाहिला तर आतील काळपट तपकिरी जाळी डोळ्यात भरते. ती जाळी रक्तवाहिन्यांची आहे अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. प्रत्यक्षात ते आतडे असते आणि तो रंग कृमीने प्यालेल्या रक्ताचा असतो. शिक्षकांनी हा फरक काचपट्टी दाखवितानाच सांगून टाकावा हे बरे.

आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. या पेशी दुहेरी काम करतात. एका वेळी त्या पाचक रस स्रवतात, तर दुसऱ्या वेळी पचलेले अन्न शोषून घेतात. शोषणाच्या वेळी त्यांच्या पृष्ठभागावर पातळ, लांब पडद्यांसारख्या घड्या पसरतात, त्यामुळे थोड्या जागेत मोठे क्षेत्रफळ मिळते. पाचक रसांतील मुख्य घटक म्हणजे कॅथेप्सिन नावाचे प्रथिनभंजक एंझाइम. ते पेशीत निष्क्रिय स्वरूपात साठविलेले असतात आणि आतड्यातील किंचित आम्लधर्मी वातावरणात आल्यावर कामाला लागतात. हे तिखट शस्त्र म्यानात ठेवले नसते तर ते कृमीच्याच पेशींवर चालले असते.

कृमी कोणत्या वयात काय खातो, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पाणथळीतील गवताच्या काडीला चिकटलेले कोषावस्थेतील डिंभ जनावराच्या पोटात गेले की आतड्यात ते कोषातून बाहेर पडतात. तेथे ते थांबत नाहीत. आतड्याची भिंत भेदून ते उदरपोकळीत उतरतात, यकृताचे आवरण फोडतात आणि यकृताच्या मांसल भागात शिरतात. या भेदनासाठीही त्यांच्या आतड्यातीलच एंझाइम उपयोगी पडतात. लहान वयातील कॅथेप्सिनांचे प्रकार प्रौढ कृमीच्या कॅथेप्सिनांहून वेगळे असून ऊतींना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन तोडण्यात ते विशेष तरबेज असतात. त्यानंतर कित्येक आठवडे हा कोवळा कृमी यकृत पोखरीत, त्याच्याच पेशी खात हिंडतो. लाकडातील भुंगेऱ्याप्रमाणे मागे बोगदे पडत जातात. एकाच वेळी फार कृमी शिरले तर मेंढ्या बाह्य लक्षण दिसण्यापूर्वीच दगावतात. हेपॅटिका जातीत सहा-सात आठवड्यांनी, जायगँटिकात याहून उशिरा, तो पित्तनलिकेत पोचतो आणि तेथे कायमचा मुक्काम करतो.

पित्तनलिकेत त्याचा आहार बदलतो. अंगावरील बारीक काट्यांनी तो नलिकेचे अस्तर खरवडतो, चूषकाने ओढतो आणि जखमेतून येणारे रक्त पितो. मेंढ्यांवरील अभ्यासांत एका प्रौढ कृमीमागे रोज सुमारे ०.२ ते ०.५ मिलिलिटर रक्त जाते असे आढळले आहे. आकडा क्षुल्लक वाटतो. पण शंभर कृमी असतील तर हीच गळती रोज २० ते ५० मिलिलिटर होते आणि ती महिनोन्‌महिने चालू राहते. जनावराच्या डोळ्यांतील व हिरड्यांतील लाली जाते, अंगावरचे केस राठ होतात, दूध आटते आणि जबड्याखाली पाणी उतरून मऊ सूज दिसू लागते. रक्तातील प्रथिने गळून गेल्यामुळे पाणी ऊतींत साठते, म्हणून ही सूज येते. तिच्यावर डाग देण्याची चाल काही ठिकाणी अद्याप दिसते, परंतु यकृतात बसलेल्या कृमीला त्या डागाची आचही लागत नाही.

शाखांचे जाळे अन्न वाटण्यासाठी असते, असे वर म्हटले. या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो महाराष्ट्रातही आढळलेला आहे. फॅसिओलॉप्सिस बस्की हा माणसाच्या आतड्यातील सर्वांत मोठा पर्णकृमी. डबक्यातील शिंगाडे दातांनी सोलून कच्चे खाल्ल्याने तो पोटात जातो. आकाराने तो यकृतकृमीच्या तोडीचा, पण त्याचे दोन्ही अंधनाल साधे, बिनशाखांचे असतात. तेव्हा केवळ शरीराच्या आकारावरून आतड्याची रचना ठरते असे नाही. एकाच कुळातील दोन शेजाऱ्यांनी एकाच अडचणीवर दोन उत्तरे काढली आहेत.

ज्यांना खाता येत नाही ते

पर्णकृमीच्या साऱ्या आयुष्याचे वेळापत्रक पचनसंस्थेवर बेतलेले आहे, हे त्याच्या डिंभांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते. शेणातून पडलेली अंडी पाण्यात पोचली की त्यांतून केसाळ, पोहणारा डिंभ बाहेर येतो. तो काही खात नाही. बरोबर आणलेल्या शिधोरीवर, म्हणजे शरीरात साठविलेल्या ग्लायकोजेनवर त्याला एक दिवस काढावयाचा असतो आणि तेवढ्यात योग्य जातीची गोगलगाय गाठावयाची असते. ती न मिळाल्यास तो मरतो. गोगलगाईच्या अंगात शिरल्यावर त्याची पहिली अवस्था एका साध्या पिशवीची असते. या पिशवीलाही तोंड नाही, ती त्वचेतूनच अन्न शोषते. तिच्या पोटी मात्र तोंड, ग्रसनी आणि आखूड आतडे असलेले डिंभ जन्मतात. ते गोगलगाईची पाचक ग्रंथी कुरतडून खातात, आणि दुसऱ्या जातीच्या पर्णकृमीचे डिंभ तेथे भेटले तर त्यांनाही गिळतात. शेवटी शेपटीचे डिंभ तयार होऊन पाण्यात सुटतात आणि त्यांना पुन्हा उपवास असतो. यकृतकृमीचे असे डिंभ थोड्याच वेळात गवताला चिकटून कोष करतात.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी लक्षात ठेवावे असे येथे बरेच आहे. पाणवठ्याच्या काठची दलदल, गुरांच्या हौदाची सततची गळती आणि त्याखाली माजलेले गवत ही ठिकाणे गोगलगाईंना घर आणि कोषांना टेकू पुरवितात. हौदाभोवती दगडी फरसबंदी केली आणि सांडपाणी चर खोदून लांब नेले, तर हा दुवा बऱ्याच अंशी तुटतो. पावसाळा संपल्यावर तळ्याचे पाणी हटू लागते, काठचे हिरवे गवत उघडे पडते आणि इतरत्र चारा वाळलेला असल्याने जनावरे नेमकी तेथेच तोंड घालतात. जायगँटिकाचा प्रादुर्भाव या दिवसांत वाढतो तो याच कारणाने.

रक्तात बुडालेले

पर्णकृमींचा एक गट थेट रक्तवाहिन्यांत राहतो. १८५१ साली कैरोच्या रुग्णालयात काम करणाऱ्या थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याला शवविच्छेदनात तो प्रथम सापडला. त्याचे शास्त्रीय नाव शिस्टोसोमा. आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात त्याने पिढ्यान्‌पिढ्यांची प्रकृती पोखरली. भारतात हा रोग माणसांत सहसा आढळत नाही, परंतु त्याची एक ठळक नोंद महाराष्ट्रातील आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. लघवीतून रक्त जाण्याच्या तक्रारीचा मागोवा घेत गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी १९५२ साली तेथे या रोगाचे स्थानिक केंद्र असल्याचे जाहीर केले. कृमी मूत्राशयाच्या शिरांत राहणाऱ्या हेमॅटोबियम जातीशी जुळणारा होता आणि त्याचा वाहक म्हणून फेरिसिया टेन्युइस या अगदी चिमुकल्या गोगलगाईकडे बोट दाखविले गेले. कोकणातील एका खेड्याचे नाव त्यामुळे जगाच्या परोपजीवीशास्त्रात कायमचे नोंदले गेले.

या कृमीचे आतडे वेगळ्या घडणीचे आहे. यकृतकृमीसारखी जाड ग्रसनी त्याला नाही, कारण ओढून घेण्याचे कष्टच नाहीत. तो रक्तातच बुडालेला असतो. ग्रासिकेभोवती ग्रंथी असतात आणि गिळलेल्या तांबड्या पेशी तेथेच फुटू लागतात. पुढे आतड्याचे दोन फाटे होतात, पण ते शेवटपर्यंत वेगळे राहत नाहीत. शरीराच्या मागील भागात ते पुन्हा एकत्र येऊन एकच नळी होते. नर पन्हळीसारखा वळलेला असतो आणि सडपातळ मादी त्या पन्हळीत वस्ती करते. रोज शेकडो अंडी घालावयाची असल्याने मादीची भूक अफाट असते. मॅन्सोनाय या जातीवरील मोजणीनुसार मादी ताशी सुमारे ३ लाख ३० हजार तांबड्या पेशी गिळते, तर नर सुमारे ३९ हजार. त्यामुळे मादीचे शरीर काळे दिसते आणि नर फिकट.

या काळेपणामागे रसायनाची एक मोठी अडचण दडलेली आहे. तांबड्या पेशीतील हीमोग्लोबिनाचे प्रथिन पचले की मागे लोहयुक्त हीम उरते आणि मोकळे हीम विषारी असते. शिस्टोसोमा ते स्फटिकांच्या रूपाने बांधून टाकतो. असे हे काळे रंगद्रव्य हिवतापाचा जंतूही तयार करतो, हे लक्षणीय आहे. दोघांचा एकमेकांशी काही नातेसंबंध नाही, पण दोघांचा घास एकच, म्हणून दोघांच्या घरचा केरही एकच. तो केर कृमी तोंडावाटे रोग्याच्या रक्तात उलटून टाकतो.

आतड्यातून मिळणारे हे अन्न मुख्यतः प्रथिनांचे. साखर मात्र तो त्वचेतून घेतो. अर्नेस्ट ब्यूडिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की हा कृमी दर तासाला स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे पाचव्या ते सहाव्या हिश्शाइतके ग्लुकोज खर्च करतो. म्हणजे या प्राण्याला अन्न घेण्याच्या दोन वाटा आहेत, आतडे आणि अंग. त्वचा ही मृत सालीसारखी असते हा समज १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोडून काढला. थ्रेडगोल्ड यांनी १९६३ साली यकृतकृमीचे बाह्यावरण हा एक सलग, जिवंत, पेशींच्या भिंती नसलेला थर असल्याचे दाखविले. पट्टकृमीचे कोडेही या शोधामुळे सुटण्यास मदत झाली.

पोट नसलेला प्राणी

पट्टकृमीला तोंड नाही, ग्रसनी नाही, आतडे नाही. त्याच्या डिंभावस्थेतही आतड्याचा मागमूस सापडत नाही. गोमांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा काही मीटर, क्वचित दहा मीटरांहूनही लांब वाढतो. डुकराच्या मांसातून येणारा टीनिया सोलियम त्याहून आखूड असतो. एवढी फीत विणण्यासाठी लागणारे सर्व अन्न तो अंगाच्या पृष्ठभागातून शोषतो. हा पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. त्यावर अतिसूक्ष्म रोम दाटीने उभे असतात आणि प्रत्येकाचे टोक कडक असते. माणसाच्या आतड्याच्या आतील बाजूस जसे शोषक रोम असतात, तशीच ही रचना आहे. पट्टकृमीचे अंग म्हणजे उलटे करून बाहेर काढलेले आतडेच, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पचन कोण करते, हा पुढचा प्रश्न. बहुतांश काम पोषक प्राण्याचे पाचक रस करतात. स्वयंपाक दुसऱ्याचा आणि पंगत याची. परंतु येथे केवळ आयते बसणे नाही. उंदरांतील हायमेनोलेपिस डिमिन्यूटा या पट्टकृमीवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की पोषकाचे पिष्टभंजक एंझाइम कृमीच्या पृष्ठभागाला चिकटून तेथे अधिक जोमाने काम करते. म्हणजे अन्न त्याच्या अंगावरच शिजते आणि तेथेच शोषले जाते. दुसऱ्या बाजूस प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन त्याच्या सहवासात निष्प्रभ होते, अन्यथा तो स्वतःच पचून गेला असता. उंदीर खाऊ लागला की हा कृमी आतड्यात पुढे सरकतो आणि जेवण पुढे गेले की मागे येतो, ही त्याची दैनंदिन ये-जाही नोंदली गेली आहे. त्याच्या आहारातून पिष्ट पदार्थ काढून घेतले तर कृमी खुरटतो. प्रथिने तोडल्यास मात्र त्याला फारशी झळ लागत नाही, कारण ती तो पोषकाच्या शरीरातून मिळवितो.

‘पट्टकृमी असलेला माणूस खातो खूप आणि वाळत जातो’ ही समजूत दृढ आहे. वस्तुतः बहुतेक रोग्यांना विशेष त्रास जाणवत नाही. अपवादाचे उदाहरण फिनलंडमधील. तेथे गोड्या पाण्यातील अर्धकच्च्या माशांतून येणारा रुंद पट्टकृमी ब-१२ हे जीवनसत्त्व इतक्या मोठ्या प्रमाणावर शोषून घेई की काही रोग्यांना तीव्र पांडुरोग होत असे. एरवी पट्टकृमीचा खरा धोका त्याच्या भुकेत नसून त्याच्या अंड्यांत आहे. टीनिया सोलियमची अंडी उघड्यावरील शौचातून भाजीपाल्यावर किंवा पाण्यात आली आणि माणसाच्या पोटात गेली, तर त्यांतील डिंभ रक्तावाटे स्नायूंत आणि मेंदूत जाऊन बसतात. मेंदूतील अशा पुटीमुळे फिट्‌स येतात. शुद्ध शाकाहारी घरातील मुलालाही हा आजार होऊ शकतो, कारण येथे मांसाचा संबंध नसून कोणा अज्ञात माणसाच्या शौचाचा संबंध आहे. ज्याच्या पोटात तो कृमी आहे, त्याला कदाचित काहीच होत नसते.

हे जीवनचक्र सिद्ध करण्याचा मार्ग मात्र आज वाचताना अंगावर काटा आणतो. जर्मनीतील फ्रीड्रिख क्यूखेनमाइस्टर यांनी १८५५ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला त्याच्या नकळत डुकराच्या मांसातील पुटी खाऊ घातल्या आणि फाशीनंतर त्याच्या आतड्यातून कोवळे पट्टकृमी काढून दाखविले. समकालीनांनीही त्यांच्यावर टीका केली होती. विज्ञानाच्या इतिहासात हा प्रयोग नोंदला जातो, तो अनुकरणासाठी नव्हे.

औषध कोणत्या वाटेने जाते

आता औषधाचा मूळ प्रश्न. पट्टकृमीवरील निक्लोसामाइड हे औषध गिळावयाचे कारण नाही, त्याला तोंडच नाही. आतड्यात कृमीच्या अंगाला ते भिडते, शोषले जाते आणि त्याची ऊर्जानिर्मिती बंद पाडते. पोषकाच्या पाचक रसांना रोखण्याची शक्ती संपते आणि कृमी अर्धवट पचू लागतो. म्हणून उपचारानंतर शौचात कृमीचे डोके शोधणाऱ्यास ते बहुधा सापडत नाही, आणि औषध लागू पडले नाही असा गैरसमज होतो. १९७० च्या दशकात निघालेले प्राझिक्वांटेल हे औषधही पृष्ठभागावरच घाव घालते. त्याने स्नायू आखडतात, बाह्यावरण फुटते आणि आतील द्रव्ये उघडी पडतात. मग रोग्याच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा काम पुरे करते. शिस्टोसोमावर आज ते प्रमुख औषध आहे. यकृतकृमीवर मात्र त्याचा प्रभाव पडत नाही.

यकृतकृमीवरील राफोक्सॅनाइड आणि क्लोझँटेल ही औषधे रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहतात. रक्त पिणाऱ्या कृमीच्या पोटात ती त्या घोटाबरोबर जातात. पित्तनलिकेतील प्रौढ कृमी त्यामुळे मरतो. पण यकृताच्या मांसात बोगदे पाडीत हिंडणारा कोवळा कृमी अजून रक्ताकडे वळलेला नसतो, त्याला हे विष पुरेसे मिळत नाही. ज्या शेतकऱ्याने ऑक्टोबरमध्ये औषध पाजले आणि डिसेंबरमध्ये जनावर पुन्हा खंगलेले पाहिले, त्याची फसवणूक दुकानदाराने केलेली नसते. पहिल्या मात्रेच्या वेळी जे कृमी कोवळे होते, ते आता पित्तनलिकेत पोचून रक्त पिऊ लागलेले असतात. ठराविक अंतराने दुसरी मात्रा देण्यास पशुधन विकास अधिकारी सांगतात, त्यामागील कारण हेच. १९८० च्या दशकात आलेले ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींनाही मारते. त्याला दाद न देणारे कृमी १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आढळले आणि नंतर इतर देशांतही. कमी मात्रेत, अंदाजाने, वारंवार औषध पाजण्याची सवय अशा कृमींच्या पथ्यावर पडते. दुभत्या जनावरांच्या बाबतीत औषधाचा अंश दुधात उतरतो, हेही लक्षात घ्यावे लागते. म्हणून यांपैकी कोणतेही औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

कुत्र्यांचा प्रश्न यात बहुधा विसरला जातो. इकायनोकॉकस हा कुत्र्याच्या आतड्यातील पट्टकृमी अवघा काही मिलिमीटर लांबीचा, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. मेंढी कापल्यावर अशा गाठी असलेले अवयव कुत्र्यांपुढे फेकले जातात आणि चक्र पुरे होते. गावातील खाटीकखान्यामागे एक खोल, झाकणबंद खड्डा असणे एवढ्याने ही साखळी तुटते. पंचायतीच्या अंदाजपत्रकात त्याला लागणारी रक्कम मोठी नाही.

निदानाच्या बाबतीत या कृमींना गुदद्वार नसणे वैद्यकाच्या उपयोगी पडले आहे. शेणात अंडी दिसेपर्यंत यकृतकृमी जनावरात येऊन तीन-चार महिने झालेले असतात. तोपर्यंत यकृताची बरीच हानी होऊन गेलेली असते. परंतु कृमी पित्तनलिकेत जे उलटतो, त्यातील कॅथेप्सिन पित्ताबरोबर आतड्यात उतरते आणि शेणात मिसळते. त्याचा अंश ओळखणाऱ्या चाचण्या आज उपलब्ध आहेत, आणि अंड्यांच्या काही आठवडे आधीच त्या संसर्ग दाखवू शकतात. शिस्टोसोमाच्या आतड्यातून रक्तात उलटलेली शर्करायुक्त द्रव्ये अशीच मूत्रपिंडांतून गाळली जाऊन लघवीत येतात. त्यांतील एका द्रव्यावर आधारलेली, पट्टीवर रेघ उमटविणारी चाचणी आफ्रिकेतील शाळांमधून मुलांच्या लघवीच्या थेंबावर केली जाते. मूत्राशयाच्या शिरांत राहणाऱ्या जातीसाठी ही पट्टी तितकीशी भरवशाची ठरत नाही. त्या जातीकरिता दुसऱ्या द्रव्याचा अतिसूक्ष्म अंश मोजणारी पद्धत अधिक विश्वसनीय आहे, पण तिला प्रयोगशाळा लागते.